पीए१३ वर एलईडी आणि रुसलेला डीबगर

कालपर्यंत एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाशी ओपनओसीडी (डीबगर या छोट्या उपकरणामार्फत संगणकावरून चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर) नीट बोलत होतं, आज टार्गेटच, म्हणजे चिपच, सापडेना. केबल बदलली, क्लॉक ४८० किलोहर्ट्झवर आणला. ढिम्म! शेवटी कोड उघडला, तर पीए१३ ही पिन आउटपुट करून त्यावर मीच एलईडी लावलेला. डीबगर ज्या जोडणीने चिपशी बोलतो, त्या एसडब्ल्यूडीची डेटा लाइन तीच की! प्रोग्राम सुरू झाला की डीबगरला दार बंद.

मग डीबगरची रीसेट वायर चिपच्या एनआरएसटी या रीसेट पिनला जोडली (आळसाने ती कधी जोडतच नव्हतो) आणि ओपनओसीडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये रीसेट_कॉन्फिगच्या ओळीत एसआरएसटी_ओन्ली, एसआरएसटी_नोगेट, कनेक्ट_असर्ट_एसआरएसटी हे तीन शब्द टाकले. आता चिप रीसेटमध्ये असतानाच, माझा कोड धावण्याआधी, डीबगर आत शिरतो. फ्लॅश पुसली, ओपनओसीडीच्या ३३३३ पोर्टवर जीडीबी (कोडमधल्या चुका शोधायचा प्रोग्राम) जोडला. एलईडी पीसी१३ वर गेला.