बेस्टच्या बसमधून मुंबई कशी पाहावी

उभा जन्म मुंबईत काढलेल्या माणसालाही हे शहर बहुधा स्थानकांच्या क्रमाने माहीत असते. लोकलच्या खिडकीतून दोन स्थानकांमधली वस्ती पाठमोरीच दिसते. कंपाउंडच्या भिंती, इमारतींच्या मागच्या गॅलऱ्या, त्यांत वाळत घातलेले कपडे. दुकानांच्या पाट्या, देवळांचे कळस, चाळींची दारे आणि नाक्यावरची माणसे, म्हणजे रस्त्याच्या बाजूने दिसणारे शहर, पाहायचे असेल तर बेस्टच्या बसला पर्याय नाही. शिवाय रेल्वे मुख्यतः दक्षिणोत्तर धावते आणि पूर्व-पश्चिम जोडण्याचे बरेचसे काम बसच करते, त्यामुळे रेल्वेने कधीच न गाठता येणारे कितीतरी भाग बसने सहज गाठता येतात.

सर्वप्रथम दैनंदिन पास घ्यावा. मे २०२५ मधील भाडेवाढीनंतर साध्या बसचे किमान भाडे १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले, आणि दैनंदिन पास ७५ रुपयांना मिळू लागला. नुसत्या जाण्या-येण्याचा हिशेब केला तर पास महाग वाटेल. पण त्याचा खरा उपयोग वाटेत मनात येईल तेथे उतरण्यासाठी आहे. तिकिटाचे पैसे वाया जातील या विचाराने माणूस खिडकीतून दिसलेली चांगली जागा सोडून पुढे जातो, आणि हा विचार एकदा डोक्यातून गेला की फिरण्याची रीतच बदलते. ‘चलो’ या अ‍ॅपवर तिकीट व पास काढता येतात आणि बस कुठे पोचली आहे तेही दिसते. मार्ग आणि फेऱ्या अधूनमधून बदलत असल्याने निघण्याच्या दिवशी सकाळी ते अ‍ॅप एकदा पाहावे, आणि तरीही थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारावे. अ‍ॅपला माहीत नसलेली गोष्ट त्याला बरेचदा माहीत असते.

बसच्या क्रमांकावरूनही थोडाफार अंदाज बांधता येतो. २०० च्या आतले क्रमांक बहुतेक मुंबई शहरातले, २०० च्या पुढचे पश्चिम उपनगरांतले, ३०० आणि ४०० च्या पुढचे पूर्व उपनगरांतले किंवा पूर्व-पश्चिम जोडणारे, आणि ५०० च्या पुढचे नवी मुंबईकडे जाणारे असतात. याला अपवाद आहेत, परंतु अनोळखी थांब्यावर समोर आलेली गाडी साधारण कोणत्या दिशेची, एवढे यावरून कळते. क्रमांकाआधी ‘ए’ असेल तर गाडी वातानुकूलित. पाटीवर ‘मर्यादित’ असेल तर ती मोजक्या थांब्यांवर थांबते आणि शक्य तेथे उड्डाणपुलावरून जाते. कामावर जाताना ती सोयीची असली तरी फिरताना टाळावी, कारण उड्डाणपुलावरून दिसते ते तिसऱ्या मजल्याचे शहर, आणि आपल्याला तळमजल्याचे पाहायचे आहे.

सुरुवात कुलाब्यापासून करावी असे मी सुचवीन. मुंबईतली पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली, आणि तो टप्पा आजही बसने करता येतो. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले अफगाण चर्च पाहून कुलाबा कॉजवे, रिगल, काळा घोडा, हुतात्मा चौक आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांवरून महात्मा जोतिबा फुले मंडईपर्यंत, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटपर्यंत, यावे. अंतर थोडे आहे, पण लष्करी वसाहत, बाजार, बँका, न्यायालये आणि मंडई असा शहराचा बदलता पोत एवढ्यात ओळीने दिसून जातो. त्याच परिसरात डबलडेकरचीही हौस भागवून घ्यावी. जुन्या डिझेलच्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये कायमच्या निवृत्त झाल्या. मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर आल्या आणि त्यांतली पहिली सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचे नाट्यगृहांचे संकुल) या ए-११५ मार्गावर धावली. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची बाके लहान मुलांच्या आधी मोठी माणसेच पटकावतात, तेव्हा पहिल्या थांब्यावरूनच चढावे.

कुलाब्याच्या टोकाहून मरीन ड्राइव्हवरून ताडदेवकडे जाणारी १२३ क्रमांकाची बस जुन्या मुंबईकरांच्या विशेष प्रेमाची आहे. या मार्गावर जाताना आणि येताना दोन्ही वेळा डाव्या खिडकीशी बसावे; मात्र स्त्रियांसाठी आणि ज्येष्ठांसाठी राखीव आसने बहुधा डाव्या बाजूलाच असतात हे ध्यानात ठेवावे. उत्तरेकडे जाताना डावीकडे समुद्र असतो. परतताना बस रस्त्याच्या दुसऱ्या अंगाने येते आणि डावीकडे आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग लागते. त्यांचे गोलाकार कोपरे, जहाजाच्या कठड्यांसारख्या गॅलऱ्या आणि नक्षीदार अक्षरांत कोरलेली नावे पायी चालताना मान वर करून पाहावी लागतात, बसमधून मात्र ती बरीच सोयीच्या कोनात येतात. ओव्हल मैदानाच्या आसपासच्या व्हिक्टोरियन इमारतींसह ही वास्तुरचना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

पण मुंबई समजून घेण्यासाठी एकच मार्ग निवडायचा झाला, तर मी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग निवडीन. सीएसएमटीच्या परिसरातून भायखळा, लालबाग, परळ, दादर करत शीवच्या राणी लक्ष्मीबाई चौकाकडे जाणारी आणि उड्डाणपुलाखालून जाणारी साधी गाडी पकडावी. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीपासून, दादरला गेली आणि तेथील ट्राम टर्मिनसचा टी.टी. आजही कंडक्टरच्या तोंडी आहे. भायखळ्याला राणीच्या बागेपाशी उतरल्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहता येते. पुढे लालबाग येते. एप्रिल-मे महिन्यांत, घरोघर वर्षाचा मसाला करण्याच्या दिवसांत, येथे थांब्याचे नाव वाचावेच लागत नाही. कुटलेल्या मिरचीची धस उघड्या खिडकीतून आत येते आणि अर्धी बस शिंकू लागते. येथे जरूर उतरावे, चिवड्याच्या आणि मसाल्याच्या दुकानांतून हिंडावे, डंकावर मसाला कसा कुटतात ते पाहावे. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर आणि त्यांच्या पायथ्याशी टिकून असलेल्या चाळी एकाच नजरेत घ्यायच्या, तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. परळ-हिंदमाता मागे टाकून दादरनंतर बस हिंदू कॉलनीच्या झाडीतून माटुंग्याला येते आणि तेथे किंग्ज सर्कलच्या आसपासच्या उडुपी हॉटेलांत जेवणाची सोय होते. गणेशोत्सवाचे दहा दिवस मात्र हा मार्ग बसने पाहण्याच्या भानगडीत पडू नये, आणि मुसळधार पावसात हिंदमाताला पाणी भरले की गाड्या दुसरीकडून वळवतात हेही लक्षात असू द्यावे.

आडव्या मार्गांपैकी वांद्रे पूर्व ते कुर्ला पश्चिम अशी जाणारी ३१० क्रमांकाची बस रविवारी पाहण्यासारखी आहे. आठवड्याच्या दिवशी तिच्यात पाय ठेवायला जागा नसते आणि ज्यांना कामावर पोचायचे आहे त्यांची जागा हौशी प्रवाशाने अडवूही नये. कलानगर, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती आणि मिठी नदी ओलांडल्यावर लागणारा कुर्ल्याचा गजबजाट हे सगळे एवढ्याशा अंतरात येते. गर्दीची वेळ एरवीही टाळावी; सकाळी अकरा ते दुपारी चार हा काळ बरा.

बसमध्ये चढण्याचे दार सर्वच गाड्यांत एकाच बाजूला नसते, तेव्हा दारावर लिहिलेले वाचावे. काही गाड्यांत कंडक्टर आत नसतो आणि तिकीट थांब्यावरच मिळते. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. कंडक्टरला ‘मास्तर, अमुक ठिकाण आले की सांगा’ असे चढतानाच सांगून ठेवले, तर तो सहसा विसरत नाही.

दिवस हाताशी असेल तर मालाड पश्चिमेहून मढ जेट्टीला जाणारी २७१ क्रमांकाची बस धरावी. मालवणीची दाट वस्ती संपली की रस्त्याला खाडी आणि तिवरे लागतात, मग आक्सा, एरंगळ आणि शेवटी मढचा कोळीवाडा. आक्सा किनाऱ्यावर उतरायला हरकत नाही, पण तेथील पाण्यात शिरू नये. तो किनारा बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे. परतताना त्याच रस्त्याने येण्याऐवजी मढहून होडीने वर्सोव्याला उतरावे आणि तेथून मेट्रोने अंधेरी गाठावी. पावसाळ्यात होडी चालू आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि बसनेच परतायचे असेल तर गावात शिरण्याआधी परतीच्या गाडीची वेळ ड्रायव्हर-कंडक्टरकडून विचारून घ्यावी, कारण अंधार पडल्यावर त्या टोकाला रिक्षा मिळेलच असे नाही.