जुन्या सर्व्हरचे कार्ड किंवा मदरबोर्ड बदलल्यावर नेटवर्क चालत नसेल, तर या चुका टाळा

फोर्ट, मस्जिद बंदर किंवा अंधेरीच्या एमआयडीसीतील अनेक लहान कचेऱ्यांचे हिशेब, बिले आणि सामाईक फोल्डर आजही एखाद्या जुन्या सर्व्हरवर असतात. त्याचे नेटवर्क कार्ड किंवा मदरबोर्ड निकामी झाला की लॅमिंग्टन रोडवरून सुटा भाग आणला जातो, तो बसवला जातो, यंत्र व्यवस्थित सुरू होते, आणि तरीही एकाही टेबलावरून सर्व्हर दिसत नाही. अशा वेळी ‘नवे कार्डही खराबच निघाले’ असे ठरवून दुसरे कार्ड आणायला माणूस पिटाळणे ही सर्वांत महागडी चूक आहे. बहुतेक वेळा कार्ड निर्दोष असते. अडचण असते ती गेलेल्या कार्डाच्या मागे राहिलेल्या नोंदींची.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो आणि तो बारा अंक-अक्षरांत लिहिला जातो. कार्ड बदलले की हा पत्ता बदलतो. सर्व्हरची कार्यप्रणाली, राउटर, स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी), काही सॉफ्टवेअरचे लायसन्स आणि कधीकधी इंटरनेट पुरवणारा केबलवाला या सर्वांकडे मात्र जुनाच पत्ता नोंदलेला राहतो. भाडेकरू बदलला तरी सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत जुनेच नाव असावे आणि नव्या माणसाला फाटकावरच अडवले जावे, तसा हा प्रकार आहे.

सेटिंग उघडण्याआधी दिवे पाहा

केबल खोचल्यावर कार्डाच्या आणि स्विचच्या अशा दोन्ही टोकांना लिंकचा दिवा लागला पाहिजे. तो लागत नसेल तर आयपी पत्त्यांशी (नेटवर्कवर यंत्राला दिलेल्या क्रमांकांशी) खेळण्यात काहीच अर्थ नाही. मदरबोर्ड बदललेला असेल, तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) बोर्डावरचे लॅन, म्हणजे अंगचे नेटवर्क कार्ड, बंद ठेवलेले नाही ना, आणि दोन पोर्ट असल्यास केबल चुकीच्या पोर्टमध्ये गेलेली नाही ना, एवढे आधी पाहावे.

येथे जुन्या केबलचा एक छुपा दोष हमखास बाहेर येतो. १०० मेगाबिटच्या जोडणीला केबलमधील चारपैकी दोनच जोड्या पुरतात, तर गिगाबिटला चारही लागतात. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत आरजे-४५ जोडणीच्या धातूच्या दातांवर काळपट थर चढलेला असतो, किंवा छतावरून गेलेल्या केबलची एखादी जोडी उंदरांनी कुरतडलेली असते, पण जुने कार्ड १०० मेगाबिटवर चालणारे असल्यामुळे ते वर्षानुवर्षे कोणाच्याच लक्षात आलेले नसते. नवे गिगाबिट कार्ड लावले की दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. एक चांगली, तपासलेली केबल सर्व्हरपासून स्विचपर्यंत थेट जमिनीवरून टाकून पाहिली की शंका फिटते. याउलट, पिंग (दुसरे यंत्र उत्तर देते का, हे पाहणारा छोटा संदेश) व्यवस्थित जाते पण मोठी फाइल उघडताना सर्व्हर गुदमरतो, असे झाले तर स्विचच्या त्या पोर्टवर कोणी एकेकाळी १०० मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतूक) पक्के करून ठेवले आहे का, ते पाहावे. एक बाजू पक्की आणि दुसरी स्वयंचलित असली की स्वयंचलित बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) जाते आणि पॅकेट एकमेकांवर आदळू लागतात.

विंडोजमधील न दिसणारे जुने कार्ड

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ही आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. नव्या कार्डाला सर्व्हरचा नेहमीचा पत्ता, समजा १९२.१६८.१.१०, द्यायला गेले की विंडोज एक सूचना दाखवते: हा पत्ता संगणकात आता नसलेल्या दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरला दिलेला आहे. घाईत असलेला माणूस ती खिडकी बंद करतो आणि ‘चला, १९२.१६८.१.११ देऊन टाकू’ म्हणतो. सर्व्हर नेटवर्कवर दिसू लागतो, त्यामुळे काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पण कचेरीतील ड्राइव्हची जोडणी, स्कॅनरचे फोल्डर, बॅकअपचे वेळापत्रक आणि राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी सर्व्हरकडे वळवणारी नोंद) हे सारे जुन्या पत्त्याकडेच बोट दाखवत असते, आणि पुढचा आठवडाभर रोज एक नवी तक्रार येत राहते.

योग्य उपाय असा. सूचनेत गैरहजर अ‍ॅडॉप्टरची मांडणी काढून टाकू का, असे विचारलेले असेल तर होकार द्यावा. तसे विचारलेले नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा, पुसट दिसणारे जुने कार्ड शोधावे आणि ते अनइन्स्टॉल करावे. विंडोज सर्व्हर २००८ आर-२ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत केवळ तो पर्याय निवडून भागत नाही. गैरहजर उपकरणे दाखवणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमधील एक नोंद) आधी १ करावा लागतो. सर्व्हर २०१२ पासून ही कटकट संपली. दोन कार्डे एकत्र बांधून टीमिंग केलेले असेल, तर टीममधील मेलेला सदस्य आधी काढावा.

ड्रायव्हरबद्दल एकच सांगायचे आहे. २००८ आर-२ चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि २०१२ आर-२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला असल्यामुळे, दुकानात मिळणारे सर्वांत नवे कार्ड हे अशा यंत्रासाठी सर्वांत वाईट कार्ड ठरू शकते. खरेदीआधी त्या आवृत्तीचा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावा, कारण नंतर त्या सर्व्हरवर इंटरनेटच नसणार आहे.

लिनक्सवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. सेंटओएस ६ मध्ये यूडेव्हच्या (उपकरणांना नावे देणाऱ्या घटकाच्या) ७०-पर्सिस्टंट-नेट या नियमांच्या फाइलमध्ये जुना मॅक पत्ता ईटीएच-० या नावाशी बांधलेला असतो. त्यामुळे नवे कार्ड ईटीएच-१ होते आणि ईटीएच-० सापडत नाही म्हणून सेवा सुरू होत नाही. नियमांच्या फाइलमधील जुनी ओळ काढावी, कार्डाच्या मांडणीच्या फाइलमध्ये हार्डवेअर पत्त्याची ओळ असल्यास तिथे नवा मॅक लिहावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. सेंटओएस ७ मध्ये नाव कार्डाच्या जागेवरून ठरते, म्हणून तेच कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवले तरी नाव बदलू शकते आणि फायरवॉलचे जुन्या नावावर लिहिलेले नियम निरुपयोगी होतात.

सर्व्हरच्या बाहेरच्या नोंदी

सर्व्हरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर त्याला डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) काहीच उत्तर आलेले नाही. पत्ता मिळाला पण नेहमीचा नाही, असे असेल तर राउटरमधील आरक्षण जुन्या मॅकवर आहे. स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावलेली असेल तर अनोळखी मॅक दिसताच पोर्ट बंद होतो, आणि मग कार्ड कितीही वेळा बदलले तरी उपयोग नाही. थेट सर्व्हरमध्येच इंटरनेटची केबल घेतलेली असेल, तर पुरवठादाराला फोन करून मॅक बदलून घ्यावा. एआरपीच्या, म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅकचा हे सांगणाऱ्या, जुन्या नोंदीही त्रास देतात. सिस्कोच्या राउटरमध्ये त्या मूळ मांडणीनुसार चार तास टिकतात, तेव्हा ती नोंद पुसावी, केवळ वाट पाहत बसू नये.

यानंतरची चूक मला विशेष खटकते, कारण ती दुरुस्ती म्हणून केली जाते. इंटरनेट चालावे म्हणून डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) जागी गूगलचे सार्वजनिक ८.८.८.८ भरले जाते. इंटरनेट लगेच सुरू होते, पण सर्व्हर डोमेनचा (कचेरीतील संगणक आणि खाती एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) भाग असेल तर त्याला स्वतःच्या डोमेनचा पत्ता बाहेर कोण सांगणार? तिथे कचेरीचा अंतर्गत डीएनएसच हवा. दुसऱ्या कार्डालाही गेटवे (बाहेर जाण्याच्या वाटेचा पत्ता) भरून ठेवण्याची सवय अशीच घातक आहे. गेटवे एकाच कार्डाला द्यावा.

नव्या कार्डाची जोडणी विंडोज बऱ्याचदा सार्वजनिक नेटवर्क म्हणून धरते आणि फायरवॉल पिंगसह सामाईक फोल्डरही अडवते. येथे फायरवॉल पूर्णपणे बंद करू नये. नेटवर्कचा प्रकार खासगी किंवा डोमेन झाला आहे का, ते पाहावे.

पिंग जाते, फोल्डर दिसते, पण लॉगइन होत नाही, असे झाल्यास घड्याळ पाहावे. बदललेल्या मदरबोर्डवरील घड्याळ चालू ठेवणारा सीआर-२०३२ सेल अनेकदा संपलेला असतो आणि तारीख मागे गेलेली असते. डोमेनमधील लॉगइन तपासणारी केर्बेरोस ही पद्धत मूळ मांडणीत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक स्वीकारत नाही, त्यामुळे तक्रार नेटवर्कची वाटते पण दोष एका स्वस्त सेलचा असतो.

मॅक पत्त्याशी बांधलेले लायसन्स असेल तर विक्रेत्याकडून नवे मागवावे. दरम्यान काम अडू नये म्हणून ड्रायव्हरच्या प्रगत सेटिंगमध्ये, सोय असल्यास, तात्पुरता जुना मॅक भरता येतो. मात्र तो मॅक असलेले जुने कार्ड कोणी ‘अजून चालतेय’ म्हणून त्याच कचेरीतील दुसऱ्या संगणकात बसवले, तर दोन्ही यंत्रे आलटून पालटून गायब होऊ लागतील. त्यामुळे त्या कार्डावर मॅक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ते कुलुपात ठेवावे.