सोसायटीच्या गेटवर सेंद्रिय भाजी: मागवायची कशी, तपासायची कशी

लॉकडाऊनमध्ये ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या गेटवर मुरबाड-शहापूरकडचे भाजीचे टेम्पो लागू लागले. ११ ते १७ मे २०२० या आठवड्यात वाशीचं एपीएमसी मार्केटच बंद होतं, तेव्हा तर अनेक घरांना त्यांचाच आधार होता. त्या घाईत ‘सेंद्रिय’ हा शब्द ‘इम्युनिटी’च्या जोडीने भरपूर खपला. आधी एवढं स्पष्ट असू द्या: सेंद्रिय भाजी खाऊन कोरोना टळत नाही. कीटकनाशकांचा अंश पोटात कमी जावा, हे कारण पुरेसं आहे आणि खरेदीचा क्रमही त्यावरूनच ठरतो. पालेभाज्या, कोथिंबीर, टोमॅटो, ढोबळी मिरची, द्राक्षं, म्हणजे जे सालासकट किंवा कच्चं खाल्लं जातं, ते आधी सेंद्रिय घ्या. नारळ, केळी, कलिंगड मागाहून. बजेट आखडतं असेल तर हे शेवटचे तीन नेहमीच्या भाजीवाल्याकडून घेतलेले चालतील.

आता कागद. पाकिटावर ‘गावरान’, ‘विषमुक्त’, ‘फार्म फ्रेश’ लिहिलेलं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. लाकडी घाण्याचं तेलही आपोआप सेंद्रिय होत नाही. घाणा लाकडी असला तरी शेंगदाणा फवारलेला असू शकतो. भारतात दोन पद्धती चालतात. एनपीओपीत, म्हणजे सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, बाहेरची संस्था येऊन तपासणी करते. पीजीएस-इंडियात, म्हणजे सहभागी हमी पद्धतीत, किमान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ म्हणजे शेत अजून रूपांतराच्या (रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याच्या) काळात आहे, ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ पूर्ण झाला. पाकीटबंद मालावर याशिवाय सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह बघा (२०२० च्या सुमारास ते ‘जैविक भारत’ होतं). वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेला शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र हे चिन्ह त्याला वापरता येत नाही. अशा शेतकऱ्याला नुसतं कागदासाठी नाकारू नका. सोसायटीत मिळून भाजी मागवणाऱ्या ग्रुपमधले दोघं-तिघं एका रविवारी शेतावर जाऊन या.

कागद असला तर तो वाचा, व्हॉट्सअॅपवर फोटो आला म्हणजे झालं असं नाही. तीन गोष्टी जुळवा: नाव, मुदत आणि पिकांची यादी. खरी गोम या यादीत असते. प्रमाणपत्र भात आणि नाचणीचं, आणि त्याच्या जोरावर वीस भाज्या विकल्या जातात. दुसरी खूण अजून सोपी. मुरबाडच्या एकाच शेतातून बारा महिने टोमॅटो, ब्रोकोली, बटाटा आणि वर सफरचंदही येत असेल, तर समोरचा माणूस व्यापारी आहे. व्यापारी असायला हरकत नाही, पण मग प्रत्येक माल कुठून आला ते त्याने सांगायला हवं. पानाला भोकं दिसली म्हणजे भाजी सेंद्रिय, हा मात्र भाबडेपणा. फवारलेल्या पालकालाही अळी लागते.

ग्रुप मोडतो तो बहुतेक वेळा पेरणीच्या हिशोबावर. दुकानं बंद असताना साठ घरं नाव देतात, दुकानं उघडली की पंधरा उरतात. शेतकऱ्याने मात्र साठ घरांची मेथी महिनाभर आधीच पेरलेली असते. मेथी २५-३० दिवसांनी हाती येते, पालकाला थोडे जास्त लागतात, भेंडीचा पहिला तोडा ४५-५० दिवसांनी. म्हणून बांधिलकी किमान ८ आठवड्यांची घ्या आणि पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ द्या. टेम्पोचं भाडं समजा २,४०० रुपये असेल तर ४० घरांत प्रत्येकी ६० पडतात, १५ घरांत १६०. तिथे मग ‘सेंद्रिय महाग’ अशी ओरड सुरू होते.

ऑर्डर बुधवारी रात्री बंद करा, तोडणी शुक्रवारी संध्याकाळी, माल शनिवारी सकाळी ७ ला गेटवर. बुधवारनंतर ऑर्डर रद्द करता येणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा. साथ चालू असेल तर विंगप्रमाणे क्रेट लावा, प्रत्येक विंगला २० मिनिटं द्या आणि पैसे यूपीआयने. खराब मालाचा फोटो दोन तासांत ग्रुपवर आला पाहिजे. संध्याकाळी सुकलेली जुडी सकाळी कशी होती ते कोणालाच सांगता येत नाही. पावसाळ्यात मेथी-कोथिंबिरीचा हट्ट धरू नका. टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी मागवा, रानभाज्यांवर कोणी फवारत नाही. शेवळं घेतलीत तर सोबत काकडंही (आंबट रानफळं) घ्या, नाहीतर घसा खाजून पुढच्या वेळी घरात कोणी शेवळांना हात लावणार नाही.

धुताना साबण, डिटर्जंट किंवा सॅनिटायझर वापरू नका. २०२० मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही हेच बजावलं होतं. साबणाचा अंश भाजीवर राहतो आणि पोटात जातो. पालेभाजी निवडून, मोठ्या भांड्यात पाणी तीनदा बदलून धुवा. सफरचंद, टोमॅटोसारख्या गुळगुळीत सालीच्या मालाला १ लिटर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून १२-१५ मिनिटं ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळा. यात वरवरचं निघतं, आत मुरलेलं नाही. फ्रीजमध्ये ठेवायची भाजी आधी धुऊ नका, ओली जुडी दुसऱ्या दिवशी काळी पडते.

गूळ पिवळाधमक असेल तर त्यात हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) घातल्याची शंका घ्या. काळपट, जरा मऊसर गूळ बरा.

धान्यात लोक सर्वात जास्त फसतात. सेंद्रिय तांदळाला आणि डाळीला साठवणुकीत रासायनिक धुरी देत नाहीत, त्यामुळे आपल्या दमट हवेत सोनकिडे लवकर होतात. एकदम २५ किलो भरू नका. चार माणसांच्या घरात ५ किलो तांदूळ, २ किलो तूरडाळ महिन्याला पुरते. डाळीला किलोमागे ५ मिली एरंडेल चोळा. तांदूळ उन्हात घालू नका, तडकतो आणि शिजताना मोडतो. त्याऐवजी एकेक किलोच्या पिशव्या घट्ट बांधून ४-५ दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अळी आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण रात्रभर, उघडू नका. थंड दाण्यावर हवेतला ओलावा बसतो आणि डब्यात बुरशी धरते.