स्कॉटलंडचे निश्चल सरोवर तैलरंगात रंगवताना

स्कॉटलंडमधील सरोवर आणि त्यामागचे डोंगर रंगवायला घेताना नाशिकच्या चित्रकाराने आधी हाताला लागलेली सह्याद्रीची सवय आवरावी. आपल्या डोंगरांना बेसॉल्टचे आडवे थर, तुटलेले कडे आणि सपाट माथे असतात. तिकडचे उतार हिमनद्यांनी झिजवलेले असून बहुधा लांब वळण घेत पाण्यापर्यंत येतात. तिथल्या लॉख लोमंड या सरोवराच्या पूर्वेला ९७४ मीटर उंचीचा बेन लोमंड हा डोंगर उभा आहे, तो परिसर सुमारे ५६ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तेथे सूर्य आपल्याइतका वर चढत नाही आणि दमट हवेत छटांमधील अंतर कमी होते. अशा उजेडाचा सराव करायचा असेल, तर श्रावणातल्या ढगाळ सकाळी गंगापूर धरणाच्या काठावर बसून केवळ करड्या छटांची टिपणे करावीत.

१६ × २० इंची कॅनव्हासवर टर्पेन्टाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) हात द्यावा. काठाची रेषा मधोमध घेऊ नये. डोंगरांसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना आणि टायटॅनियम व्हाइट पुरतात. मागचा डोंगर अधिक फिका आणि निळसर ठेवावा. काळा रंग मात्र पॅलेटवर घेऊच नये.

चित्राची शांतता खरी ठरते ती प्रतिबिंबात, म्हणून तेथे घाई करू नये. प्रतिबिंब म्हणजे वरचे चित्र जसेच्या तसे उलटे करणे नव्हे: जवळचा काठ उंच असेल, तर पाण्यात मागच्या डोंगराचा बराच भाग त्याच्या प्रतिबिंबाआड जातो. शिवाय उजळ भाग पाण्यात किंचित गडद आणि गडद भाग किंचित उजळ दिसतो. रंग उभ्या फटकाऱ्यांनी लावावा आणि तो ओला असतानाच कोरडा, मऊ फ्लॅट ब्रश अगदी हलक्या हाताने एकदाच आडवा ओढावा. पुन्हा पुन्हा ओढल्यास सगळे मळकट होते. वाऱ्याची फिकी रेघ एखादीच पुरे.

खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवलेले असावेत, अन्यथा पुढे रंगाला भेगा पडतात. नाशिकच्या पावसाळ्यात थर सावकाश वाळतो, त्यामुळे पुढचा हात देण्यापूर्वी बोट लावून खात्री करावी आणि कॅनव्हास ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नये. पारंपरिक वॉर्निश साधारण सहा महिन्यांनंतरच लावावे.