गरीब मुलांच्या दवाखान्यात काम करताना

गरीब घरातले मूल तपासणीला येते तेव्हा आईची एक दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि ती पुन्हा येईलच अशी खात्री नसते. म्हणून या कामाला आयुष्य वाहू इच्छिणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मूल पूर्ण पाहण्याची सवय लावून घ्यावी. तक्रार खोकल्याची असली, तरी वजन करावे, दोन्ही पावले अंगठ्याने दाबून सूज पाहावी आणि मूल 6 महिने ते 5 वर्षांचे असल्यास दंडाचा घेर मोजावा. हात सैल सोडलेला असताना, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, पट्टी कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी धरावी. घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर दाबल्याचा खड्डा राहिला, तर ते तीव्र कुपोषण, म्हणजे सॅम, समजावे. श्वास मात्र मूल शांत असताना, आईच्या मांडीवरच, पूर्ण एक मिनिट मोजावा.

जुलाबाच्या मुलाच्या बाबतीत घाई करू नये. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ असताना सलाईन संपत आले, तेव्हा बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण नातेवाइकांच्याच हाती देऊन असंख्य जीव वाचवले. आजही खरा उपचार आईच्याच हातून होतो. त्यामुळे ओआरएसचे पाकीट तिच्याकडूनच आपल्यासमोर कालवून घ्यावे. मूल ओकले तर 10 मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे, हेही सांगावे. झिंक 14 दिवस द्यायचे असते, पण जुलाब थांबले की बहुतेक घरांत ते बंद होते.

सूचना देऊन झाल्यावर “समजले का?” असे विचारू नये, कारण आई संकोचाने मान डोलावते. माझ्याकडची एक आई औषधाची बाटली आठ दिवसांनी तशीच घेऊन परत आली. झाकणावरचे आकडे तिला वाचता येत नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. तेव्हापासून मी झाकणावर पेनाने रेघ मारून देतो आणि पहिला डोस तिच्याकडूनच पाजून घेतो.

ठरल्या दिवशी न आलेल्या मुलांची नावे संध्याकाळी वहीत वेगळी काढावीत आणि त्यांतील सॅमच्या मुलांच्या घरी दुसऱ्याच दिवशी जावे. तेथे गेल्यावर आईला रागावू नये. काय अडचण आली, एवढेच विचारावे.