सामाईक भिंतीला हात लावताय? शेजाऱ्याच्या संमतीत या चुका टाळा

पेठेतला वाडा असो, गावठाणातलं दोन खणी घर असो किंवा रो-हाउस, खरेदीखतात चतुःसीमेखाली ‘पूर्वेस सामाईक भिंत व त्यापुढे अमुक यांची मिळकत’ असं लिहिलेलं असतं. हे वाक्य गंभीरपणे वाचलं जातं ते घर पाडायला काढल्यावरच. मग घाईघाईने शेजाऱ्याची सही आणायला माणूस धाडतात आणि तिथे काम अडतं. शेजारी अडवतो तो दर वेळी खोडसाळपणा नसतो. त्याला मुळात दोन धास्ती असतात: आपलं घर खचेल का, आणि आज दिलेली सवलत उद्या हक्क म्हणून डोक्यावर बसेल का. या दोन्हींचं उत्तर कागदावर नसेल तर सही मिळत नाही आणि मिळाली तरी टिकत नाही.

भिंत कोणाची हे न बघता ‘सामाईक’ लिहून मोकळं होणं

मिळकत पत्रिका आणि नकाशा हातात आहे म्हणजे भिंतीचा प्रश्न सुटला, असं नाही. १:५०० प्रमाणाच्या नकाशावर दीड फूट जाडीची भिंत एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही, पेन्सिलीच्या रेघेतच ती मावते. मोजणी करून घ्याच, हद्द कळेल. पण भिंत सामाईक आहे की एकट्याची, हे जुनं वाटपपत्र, दोन्ही बाजूंची खरेदीखतं आणि खुद्द भिंत यांवरून ठरवावं लागतं. तुळया दोन्ही घरांच्या टेकल्यात का? कोनाडे, फडताळं कोणत्या बाजूला आहेत? पाखाचं पाणी कुठे उतरतं? हे बघण्याआधी पत्र लिहू नका. भिंत तुमच्या एकट्याची असताना पत्रात ‘आपली सामाईक भिंत’ लिहिलंत, तर पुढच्या वादात तेच पत्र शेजारी तुमच्याविरुद्ध दाखवेल.

दारात जो भेटला त्याची सही

पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव, घरात राहतो धाकटा मुलगा, आणि सही फक्त त्याची. ही चूक सर्रास होते. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे, त्यामुळे लग्न होऊन नाशिकला गेलेल्या ताईंचीही सही हवी. ‘ती काही बोलणार नाही’ या भरवशावर राहू नका. भावाबहिणींचं बिनसलं की पहिली नोटीस तिकडूनच येते. कोणी परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र मागवा आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. भाडेकरूची संमती मालकाच्या संमतीची जागा घेत नाही. पण भिंतीपलीकडे झोपतो तो भाडेकरू, तेव्हा त्यालाही आधी सांगावं. नाहीतर पहारीचा पहिला घाव पडला की आरडाओरडा तोच करणार.

‘आमची काही हरकत नाही’ या एका ओळीवर विसंबणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पाचशेच्या मुद्रांकावर एक ओळ, खाली नोटरीचा शिक्का, आणि घरात पेढे. पण हरकत नाही ती कशाला? नवा थर चढवायला, तुळई टेकवायला, खिडकी काढायला, की भिंतच पाडायला? शेजारी म्हणेल, मी फक्त गिलाव्याला हो म्हटलं होतं.

संमतीपत्राला नकाशा आणि छेद, म्हणजे भिंत व पाया उभा कापल्यासारखा दाखवणारं रेखाचित्र, जोडा आणि त्यावरही दोघांच्या सह्या घ्या. मजकुरात पायाची खोली, भिंतीची नवी उंची आणि जाडी, खोदाईचे महिने, खर्च कोण करणार, शेजाऱ्याच्या बाजूचा गिलावा कोण करून देणार, त्याच्या गच्चीतून किंवा अंगणातून मजूर किती दिवस ये-जा करणार, आणि पुढे त्याला त्याच भिंतीवर बांधायचं झालं तर काय, हे सगळं यायला हवं. या शेवटच्या मुद्द्यावर बोलणी अडतात म्हणून लोक तो गाळतात. गाळू नका. शेजाऱ्याला खरा रस त्यातच असतो, आणि तिथे सढळ राहिलात तर बाकीचं सोपं जातं.

आता त्याच्या दुसऱ्या धास्तीबद्दल. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे उजेड, हवा किंवा भिंतीचा आधार वीस वर्षं अखंड आणि बिनतक्रार मिळत राहिला तर त्याचा हक्क बनू शकतो. शेजाऱ्याने हे कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून तुमची खिडकी त्याला खुपते. पण त्याच कायद्यात असंही आहे की उपभोग करारानुसार चालू असेल आणि हक्क दिलेला नाही हे करारातून स्पष्ट असेल, तर ती वर्षं धरली जात नाहीत. तेव्हा ‘ही खिडकी शेजाऱ्याच्या परवानगीने ठेवली आहे, यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही’ हे स्वतःहून लिहून द्या. पुष्कळदा एवढ्यावर सही होते.

याउलट तुम्हाला कायमचा हक्क हवा असेल, म्हणजे तुमचे बीम कायम त्या भिंतीवर टेकणार असतील, तर नोटरी पुरत नाही, दस्त नोंदवावा लागतो. नुसती परवानगी असेल तर शेजाऱ्याने घर विकल्यावर नव्या मालकावर ती आपोआप बंधनकारक नसते. आणि पेठांमधली घरं किती पटापट बिल्डरकडे चाललीत, ते आपण बघतोच आहोत.

भिंतीचं बोलणं, पायाचं मौन

संमती मागताना सगळे वर दिसणाऱ्या भिंतीबद्दल बोलतात, पण नुकसान होतं ते खाली. जुन्या दगडमातीच्या भिंतीचा पाया बहुतेक उथळ असतो. तुम्ही तिला लागून पाच-सहा फूट खड्डा सलग घेतलात की त्या भिंतीखालची माती बाजूने सुटते. खोदाई चार-पाच फुटांच्या तुकड्यात, एक सोडून एक करायची. भरलेला तुकडा घट्ट झाल्याशिवाय लगतचा उघडायचा नाही. ठेकेदार ‘एका दिवसात जेसीबीने उरकतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

दुसरी गोष्ट लपून राहते. हद्दीला चिकटून कॉलम घेतला की त्याचं फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, जमिनीखाली शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतं. वरून सगळं सरळ दिसतं, पण खाली अतिक्रमण झालेलं असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हद्दीलगतच्या कॉलमला एका बाजूचं फुटिंग आणि आतल्या कॉलमशी जोडणारा स्ट्रॅप बीम मागून घ्या, आणि तो छेद शेजाऱ्याला दाखवा.

खोदाईपूर्वी शेजाऱ्याच्या खोल्यांचे फोटो काढा, जुन्या भेगांवर तारीख घाला, यादीवर दोघांच्या सह्या घ्या. हे राहिलं तर त्याच्या घरातली पंधरा वर्षांपूर्वीची भेगही तुमच्याच नावावर लागते.

पावसाचा हिशेब न करणं

तुमचं घर पाडलं की सामाईक भिंतीची आजवर आत असलेली बाजू उघडी पडते. तिला ना गिलावा, ना वळचण. मृगाच्या पहिल्या सरीत माती विरघळते आणि शेजाऱ्याच्या कपाटाला ओल येते. दिवाळीनंतर खोदाई आणि पावसाच्या आत निदान जोत्यापर्यंत काम, हा क्रम सोयीचा. उघडी भिंत लगेच गिलावा करून किंवा ताडपत्रीने झाका. नवी भिंत वेगळी बांधत असाल तर दोन भिंतींमधल्या फटीवर पत्रा वाकवून झाकण द्या, तिच्यात राडारोडा ढकलू नका. आणि शेजाऱ्याच्या कौलांच्या पागोळ्या तुमच्या बाजूला पडत असतील तर ते पाणी कुठे नेणार, हे नकाशातच दाखवा.

फ्लॅटमध्ये हिशेब वेगळा. शेजारच्या बिऱ्हाडाची संमती तिथे पुरत नाही. अपार्टमेंट असेल तर १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने कॉलम, तुळया आणि मुख्य भिंती सामाईक भागात धरल्या जातात. सोसायटी असो वा अपार्टमेंट, लेखी परवानगी आणि इंजिनिअरचा दाखला लागतोच.

तरीही अडलं तर

शेजारी ठाम नाही म्हणाला तर त्याची भिंत जागच्या जागी ठेवून स्वतःच्या हद्दीत वेगळी भिंत बांधता येते का बघा. खोली नऊ इंचांनी लहान होईल, पण कोर्टाच्या तारखांपेक्षा ते स्वस्त पडतं. पायाची काळजी मात्र तेव्हाही तेवढीच. तो त्याच्या बाजूच्या दुरुस्तीचे पैसे मागत असेल तर ती खंडणी समजू नका, अंदाजपत्रक मागवून बोला.

काम चालू असताना भेग दिसली तर आधी खोदाई थांबवा आणि टेकू द्या. भेगेवर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका घालून तारीख लिहा. ठिपका तडकला तर भिंत अजून हलते आहे, लगेच इंजिनिअरला बोलवा. तडकला नाही तरी काही आठवडे लक्ष ठेवा, मगच भरा. भेग लगेच लांबी (पुट्टी) भरून लपवलीत तर शेजाऱ्याचा संशय पक्का होतो.

‘महापालिकेची परवानगी आहे’ हे भांडणात फेकू नका. त्या परवानगीने भिंतीची मालकी ठरत नाही. शेजारी मनाई हुकूम आणेल अशी चिन्हं दिसत असतील तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आधी माझं ऐका’ असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं, आणि तोवर तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाईचा आदेश व्हायला नको. पण कॅव्हेटची प्रत शेजाऱ्याला टपालाने जाते, तेव्हा ती जाण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या.