एटीव्हीसाठी ट्रेलर घेताय? आधी वजनं जुळवा

मुळशी, पानशेत, वेल्हे भागात फार्महाऊसवाल्यांकडे आता एटीव्ही, म्हणजे खडकाळ-चिखलाच्या वाटेवर चालणाऱ्या चार जाड चाकांच्या उघड्या गाड्या, बऱ्यापैकी दिसायला लागल्यात, पण ट्रॅक्टर म्हणून पास झालेलं एखादं मॉडेल सोडलं तर त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत, म्हणजे कोथरूडहून ताम्हिणीकडे न्यायची तर लादूनच न्यायची. वर्षातून दोन-चारदाच नेणार असाल तर सरळ पिकअप भाड्याने सांगा. छोटा हत्ती स्वस्त पडतो पण त्याचा हौदा जेमतेम सात फुटांचा आणि मोठी एटीव्हीही तेवढीच लांब, फाळका लावताना नाकी नऊ येतात. दर महिन्याला नेणार असाल तरच ट्रेलरचा विचार करा.

बहुतेक जण आधी साइज आणि रेट विचारतात. माझं म्हणणं, आधी कागद-पेन घ्या आणि वजनं मांडा. 570 सीसीची एटीव्ही साधारण 320-330 किलो, त्यात पेट्रोल आणि बारीकसारीक सामान 40 किलो धरा, ट्रेलरचं स्वतःचं वजन 250 च्या आसपास, म्हणजे झाले 620. आता तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडा, त्यात टोइंगचा, म्हणजे मागे किती वजन ओढता येतं त्याचा, आकडा यापेक्षा जास्त असेल तरच पुढे जा. आकडाच नसेल किंवा टोइंग करू नका असं लिहिलं असेल तर त्या गाडीला ट्रेलर लावूच नका, आणि हो, बंद पडलेली गाडी ओढायला जो हुक असतो तो ट्रेलरसाठी नसतो.

साइज सोपी आहे, 5 बाय 8 फुटांत एक एटीव्ही आरामात बसते. भोसरी-चाकणकडचे फॅब्रिकेटर दिसायला दणकट म्हणून जाड अँगल आणि चेकर प्लेट मारतात, त्यात ट्रेलरच 400 किलोचा होतो आणि तेवढी ओढायची ताकद फुकट जाते. जाळीचा फ्लोअर घ्या, हलका पडतो, पाणीही साठत नाही. आणि फ्रेम गॅल्व्हनाइज्डच घ्या, ताम्हिणीच्या पावसात नुसता रंग टिकत नाही.

चाकं 12 इंची. 145/80 आर 12 हा टायर जुन्या ऑल्टो 800 ला यायचा, कुठल्याही टायरवाल्याकडे मिळतो, आणि 74 लोड इंडेक्सचा असेल तर एकावर 375 किलो म्हणजे दोनवर 750, आपल्याला पुरतं. स्टेपनी त्याच मापाची घ्या.

रॅम्पला कंजूषी करू नका. फ्लोअर जमिनीपासून 50 सेंमी असेल तर 120 सेंमीच्या रॅम्पवर चढ 25 अंशांचा होतो, 150 च्या रॅम्पवर 19 चा. ओल्या लाल मातीच्या चिखलाने भरलेले टायर घेऊन चढताना हा फरक जाणवतो, मागे उलटायची भीती कमी होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे जो लोखंडी गोळा असतो त्यावर, येणारं वजन. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के पुढे पडायला हवं, आपल्या हिशोबात 62 किलो तरी, पण गाडीच्या बॉलची जी मर्यादा दिलीय तिच्या आतच. कमी पडलं तर ट्रेलर स्पीडला डावी-उजवीकडे डुलायला लागतो आणि चांदणी चौकाच्या उतारावर ते आवरत नाही. जास्त झालं तर गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो: ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच एटीव्ही चढवा, चारही कोपऱ्यांना रॅचेट पट्टे आवळा, ट्रेलरच्या चाकांना लाकडं लावा, मग सपाट जागेवर गाडीपासून सोडून कपलर (ट्रेलरच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) बॉलच्याच उंचीला येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून टेकवा. कमी-जास्त निघालं तर ट्रेलर परत जोडून एटीव्ही वीतभर पुढे-मागे करा, आकडा लगेच हलतो. जमलं की फ्लोअरवर खुणेचा रंग मारून ठेवा, दर वेळी मोजत बसायला नको.

कपलर आणि बॉल एकाच मापाचे हवेत, 50 मिमी असेल तर दोन्ही 50. सेफ्टी चेन दोन, कपलरखाली फुलीसारख्या अडकवा.

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच आहे, त्याचं रजिस्ट्रेशन लागतं, नंबर प्लेट आणि लाइट लागतात. म्हणून अ‍ॅडव्हान्स देण्याआधी बनवणाऱ्याला विचारा की पासिंगसाठी काय काय कागद देणार, आणि तेवढे घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत एकदा दाखवून या. तिथून हो आलं तरच पैसे द्या, कितीही चांगलं वेल्डिंग दिसलं तरी.